दुसरं वाचन

त्या सोमवारी सुलोचना मगदूम नेहमीसारख्या सगळ्यांच्या आधी ग्रंथालयात आल्या, खुर्चीच्या पाठीला पिशवी अडकवली, थर्मास टेबलावर ठेवला आणि अंक चाळायला बसल्या. मिरजेबाहेरच्या माळावर उभ्या राहिलेल्या विद्यापीठाच्या त्या मुख्य ग्रंथपाल. छापील अंक पोस्टाने येणं कधीच थांबलं होतं. जगभरच्या संशोधनपत्रिका आता पडद्यावर उतरत, आणि त्या नीट उतरल्या की नाही हे बघायला एक प्रोग्रॅमही होता. तरी आठवडाभरात आलेल्या प्रत्येक पत्रिकेतला एखादा लेख सोमवारी आपल्या हाताने उघडून बघायचा, हा बाईंचा नेम मोडला नव्हता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांना कुणी हाक मारत नसे.

चंदना आत आली तेव्हा त्यांनी मान न वळवताच म्हटलं, "बस. आधी हात पूस. भडंग खाऊन आलीयस."

"तुला न बघता कसं कळलं?"

"लसणाचा वास दारातूनच आला. तुझ्या आधी."

चंदना त्यांची एकुलती मुलगी. सांगलीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. पाच विद्यापीठांच्या ग्रंथालय संघाने यंदा तिला सल्लागार म्हणून घेतलं होतं, कारण क्वेलहॉर्स्ट नावाच्या परदेशी प्रकाशकाशी असलेला करार संपत आला होता, आणि समोरून वाटाघाटी करायला आता माणूस येत नसे, यंत्र येत असे. संघाच्या वाटाघाटी समितीच्या अध्यक्ष सुलोचनाबाईच. आईच्या हाताखाली काम करायला लागलं की आपलं वय आपोआप बारा होतं, असं चंदना मैत्रिणींना सांगायची.

"आई, दुवे तपासायला प्रोग्रॅम आहे ना? तो तुझ्या आधी येतो आणि चहाही मागत नाही."

"तो कडी वाजवून बघतो. दार उघडलं की त्याचं काम झालं. आत कुणी आहे का, ते कोण बघणार?" सुलोचनाबाईंनी पुढचा लेख उघडला, खालपर्यंत सरकवला, मिटला. "छापील काळात भूलशास्त्राच्या एका अंकात मधली सोळा पानं कोंबड्यांच्या रोगांची शिवलेली आली होती. शिक्का मारून मांडणीवर ठेवलासुद्धा आम्ही. भुलीचा डॉक्टर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बघायला आला, तेव्हा कळलं. तेव्हापासून चाळल्याशिवाय मी काही मांडणीवर ठेवत नाही."

ही गोष्ट चंदनाला पाठ होती. सुलोचनाबाईंच्या कार्यशाळांना येऊन गेलेल्या प्रत्येक ग्रंथपालाला ती पाठ होती.

मधेच बाईंचा हात थांबला. त्या पडद्याजवळ वाकल्या. हेही चंदनाला ठाऊक होतं. हजारभर पत्रिका चाळताना दर सोमवारी त्यांना एक लेख असा सापडे, की त्या थांबत. तो त्या मुलीला पाठवत. चंदनाच्या विषयातला कधीच नसे. मुंग्यांच्या रांगा, शेळीच्या डोळ्यातली आडवी बाहुली, बुडालेल्या बंदरातली मातीची भांडी. सोबत एक ओळ.

"हे बघ, दगडफूल," त्या म्हणाल्या. "दगडावर चिकटलेला तो करडा डाग असतो ना, तो वर्षाला ठरावीक बेताने पसरतो म्हणे. सगळ्यांत मोठा डाग मोजला की दगड कधीपासून उघड्यावर पडलाय ते सांगता येतं. आपला नदीवरचा जुना पूल माझ्या आजोबांनी बांधताना पाहिला, असं घरात सगळे सांगायचे. मोज जाऊन. पाठवते तुला." कळ दाबून त्यांनी चष्मा काढला. "वाचतेस का गं, मी पाठवते ते?"

प्रश्न सहज होता. चंदनाने आपला लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. "आई, आधी हा आलेख बघ. पुढच्या महिन्यात यंत्र पहिली बोली कुठे लावेल, त्याचा माझा अंदाज आहे."

"बघते," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि चष्मा पुन्हा घातला.

मंगळवारी सकाळी जैन बस्तीतून दर्शन करून घरी येताना रिक्षातच त्यांची मान कलली. रिक्षावाल्याने घरी न आणता सरळ इस्पितळ गाठलं. त्याने काही चुकवलं नव्हतं. कुणीच काही चुकवलं नव्हतं. मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी फुटली होती, इतकंच.

*

क्वेलहॉर्स्टच्या यंत्राला कंपनीने मोठं भारदस्त नाव दिलं होतं, पण संघातले ग्रंथपाल त्याला 'जावईबापू' म्हणत. बोलायला गोड, मान द्यावा लागतो, आणि दर खेपेला निघताना काही ना काही घेऊनच जातात. नाव अर्थातच सुलोचनाबाईंनी ठेवलेलं.

जावईबापूंचं शास्त्र असं होतं. प्रकाशक पत्रिका सुट्या विकत नाहीत, गठ्ठ्याने विकतात. तुम्हाला कोथिंबिरीची एक जुडी हवी असते. भाजीवाला म्हणतो, सगळी पाटी उचला, नाहीतर ही एक जुडीच पाटीच्या भावात पडेल. अशा सौद्यात खरा प्रश्न एकच असतो. गिऱ्हाईक कुठपर्यंत ताणलं जाईल आणि कुठे पाटी टाकून चालू लागेल? पूर्वीचे विक्रेते हे गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून ओळखत. जावईबापू वाचनाकडे बघून ओळखत. कुठल्या विद्यापीठातून कुठला लेख उघडला गेला, किती वेळ उघडा राहिला, शेवटपर्यंत सरकवला का, त्याच लेखाकडे पुन्हा कुणी परतलं का, अशा लाखो बारीक खुणांवरून यंत्र एक आकडा काढी. त्याला ते 'सहनबिंदू' म्हणत. ग्रंथालय जेवढं सहन करील त्याच्या किंचित अलीकडचा भाव यंत्र सांगे, आणि ग्रंथालय तो देई. त्रास होई, पण तुटत नसे. माणसांशी घासाघीस करताना निदान समोरचाही कधी चुकायचा. हे यंत्र आल्यापासून एकाही विद्यापीठाला गठ्ठा फोडता आला नव्हता.

ग्रंथपालांच्या हातात एकच हत्यार होतं. भाव सांगणाऱ्या यंत्रांसाठी नवा कायदा झाला होता. विचारलं, तर यंत्राने भाव कशावरून काढला ते सांगायचं. वाचन हिशेबात धरायचं, तर ते बिननावी असायला हवं. आणि वाचक कोण हे उघड झालं, त्याने स्वतः किंवा तो हयात नसेल तर वारसाने तसं नोंदवलं, तर त्या माणसाचं वाचन हिशेबातून काढून टाकायचं. एखाद्याच्या वाचनाच्या आवडीवर कुणी भाव लावू नये, म्हणून ती तरतूद. आजवर ती कुणी वापरली नव्हती. हजारो वाचकांतल्या एकाने नाव सांगून काय फरक पडणार?

आईची जागा समितीने दुसऱ्या कुणाला दिली नाही. करार होईपर्यंत चंदनाने बोलावं, असं ठरलं. उपग्रंथपाल रेश्मा मुजावर तिला घ्यायला स्वतः घरी आल्या. पंधरा वर्षं त्या सुलोचनाबाईंच्या शेजारच्या टेबलावर बसत होत्या.

"पहिली बोली आली," गाडीत त्या म्हणाल्या. "दोन वाटा ठेवल्यात जावईबापूंनी. एक तर गठ्ठा पूर्वीपेक्षा महाग घ्या. नाहीतर भाव तोच ठेवतो, पण नागरिक वाचकांचं दार बंद करा."

चंदनाला ते दार चांगलंच ठाऊक होतं. ते दार आईने मागच्या करारात भांडून उघडून घेतलं होतं. जिल्ह्यातल्या कुणीही ग्रंथालयाचं कार्ड काढावं आणि विद्यापीठ जे वाचतं ते घरबसल्या वाचावं. विद्यार्थी नको, प्राध्यापक नको, ओळखपाळख नको. क्वेलहॉर्स्टला ते बंद हवं होतं, म्हणजे बाहेरच्या वाचकाला तोच माल वेगळा विकता आला असता. आणि महाग गठ्ठा घ्यायची ऐपत पाचांतल्या एकाही विद्यापीठाची नव्हती. म्हणजे दार जाणारच होतं.

ग्रंथालयाच्या पायरीवर तंतुवाद्यं बनवणारे शब्बीरचाचा बसले होते. तंबोऱ्याचा भोपळा आतून किती पातळ तासावा यावर कुठल्याशा थंड देशात संशोधन झालंय, हे त्यांना सुलोचनाबाईंनीच दाखवलं होतं. तेव्हापासून ते नातवाकडून अर्थ लावून घेत वाचत.

"बेटी, मॅडम गेल्या. आता दार बी जानार म्हनतात. खरं का?"

"अजून ठरलं नाही, चाचा."

"नाही, मला सांगून ठेव. अर्धा लेख राह्यलाय माझा. उरलेला वाचून घेतो."

*

यंत्राने कायद्याप्रमाणे आपली कारणं पाठवली. चंदना आईच्या खोलीत, पण आईच्या खुर्चीत नाही, समोरच्या खुर्चीत बसून ती वाचू लागली.

सहनबिंदू चढण्याचं मुख्य कारण एकाच शब्दात दिलं होतं: विस्तार. संघाबाहेरची विद्यापीठं गठ्ठ्यातला एक कोपरा कुरतडतात. संघातली विद्यापीठं मात्र सगळा गठ्ठा वाचतात, त्यांत हे सगळ्यांत पुढे. एकही पत्रिका न उघडलेली नाही. असं ग्रंथालय गठ्ठा सोडून जाऊच शकत नाही, असा यंत्राचा निष्कर्ष होता. सोबत या विद्यापीठाचा आलेख होता. आठवड्यांमागून आठवडे एकसारखे उंच दाते, फणीसारखे. प्रत्येक दाता सोमवारचा. मग फणी एका जागी संपत होती आणि पुढे सपाट रेघ होती.

चंदनाने त्या रेघेवर बोट ठेवलं. तिच्या कामात तिने असे अनेक आलेख पाहिले होते. बंद पडलेली गिरणी, आटलेली विहीर. हा कुणाचा आहे हे कळायला तिला तारीख बघावी लागली नाही.

"रेश्माताई," ती म्हणाली, "हा विस्तार नाही. ही आई आहे."

रेश्माताईंनी येऊन पडदा पाहिला. मग त्या खाली बसल्या. "अगं बाई. चाळायच्या त्या…"

"यंत्राला चाळणं कळत नाही. उघडलं म्हणजे वाचलं. कोंबड्यांची पानं आलीत का हे बघायला ती सगळी दारं उघडत होती, आणि ते म्हणत होतं, बघा, यांना सगळंच लागतं."

"म्हणजे इतकी वर्षं जो भाव चढला—"

"हो."

रेश्माताईंनी दार लोटून घेतलं. "चंदना, हे त्यांच्या नावावर नोंदवायचं म्हणतेस? भर समितीत? जमदग्नी सर बसलेले असणार. गेल्या दहा वर्षांत मॅडमच्या एका वाक्याला त्यांनी हो म्हटलेलं नाही. उद्या पाची विद्यापीठांत एकच बोललं जाईल, की ज्या बाईने घासाघीस केली तिनेच भाव चढवून ठेवला. त्या उत्तर द्यायला नाहीत."

"माहितीये."

"दुसरा काही मार्ग?"

"वारसाने नाव सांगायचं. कायद्यात दुसरा मार्ग नाही."

चंदनाने आलेख मोठा केला, तेव्हा तिला तळाशी आणखी काहीतरी दिसलं. प्रत्येक उंच दात्यानंतर दोन-तीन दिवसांनी एक बारीकशी, एकटी रेघ. एकच लेख, नागरिक वाचकाच्या खात्यातून, फोनवर, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत. एकही आठवडा चुकलेला नाही. यंत्राने त्याला नाव दिलं होतं, 'दुसरं वाचन', आणि त्याला भरपूर गुण दिले होते. विद्यापीठात उघडलेलं बाहेरच्या समाजात इतक्या नियमाने झिरपतं, म्हणजे ते दार या ग्रंथालयाच्या जिवाचं आहे. दाराची किंमत त्यावरूनच काढली होती.

तिने लॅपटॉप मिटला.

"काय झालं?" रेश्माताईंनी विचारलं.

"काही नाही. तो बहुतेक एकच वाचक आहे."

ती वाचायची. आईने पाठवलेला प्रत्येक लेख ती बुधवार-गुरुवारी, कॉलेजातून परतताना बसमध्ये शेवटपर्यंत वाचायची. आईला मात्र तसं कधी सांगितलं नव्हतं. कारण सांगितलं असतं तर आईचा पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग काय कळलं? लहानपणी प्रत्येक पुस्तकानंतर तो प्रश्न यायचा, आणि वाचनाचा पेपर व्हायचा. म्हणून सोळाव्या वर्षी तिने जाहीर केलं, की मी काय वाचते ते विचारायचं नाही. आईने शब्द पाळला. वर्षातून एखाद्याच वेळी, विसरल्यासारखं करून, ती विचारायची, वाचतेस का गं? आणि चंदना दुसरं काहीतरी काढायची. त्यात राग राहिला नव्हता. सवय होती, आणि सवय मोडायला वेळ आहे असंच वाटत होतं.

दगडफुलाचा लेख मात्र तिने अजून उघडला नव्हता. तो उघडला की पाठवलेलं सगळं वाचून संपणार होतं.

शनिवारी दुपारी ती नदीवर गेली. पुलाच्या कठड्याला टेकून तिने तो लेख वाचला, सावकाश, शेवटपर्यंत. मग पर्समधून फूटपट्टी काढली. लेखात सांगितलं होतं, आधी माहीत असलेल्या वयाचा दगड शोधा. घाटावर साल कोरलेली एक पायरी होती. तिच्यावरचा सगळ्यांत मोठा डाग तिने मोजला, आणि डाग वर्षाला किती पसरतो ते काढलं. मग पुलावर परत येऊन ती कठड्याचा दगडन् दगड बघत गेली. पोहायला आलेली पोरं थांबून बघू लागली. "मॅडम, पूल विकत घ्यायलाय काय?" एकाने ओरडून विचारलं.

"भाव काढतेय," चंदना म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी तिला हसू आलं.

*

बैठक सोमवारी होती. सुलोचनाबाईंच्या खोलीतल्या लांब टेबलाभोवती पाच विद्यापीठांचे ग्रंथपाल बसले होते, टेबलाच्या टोकाला पडदा होता. जावईबापूंनी शुद्ध, मुलायम मराठीत आधी दुःख व्यक्त केलं. मग म्हणाले, "आपण दोन पर्यायांचा विचार केला असेलच."

"केला," चंदना म्हणाली. "आधी मला एक नोंद करायची आहे. आमच्या विद्यापीठात सोमवारी सकाळी जे वाचन दिसतं, ते सगळं एका व्यक्तीचं आहे. सुलोचना आदगोंडा मगदूम. मी त्यांची मुलगी आणि वारस. त्या वाचत नव्हत्या, अंक नीट आलेत का ते बघत होत्या. कायद्याप्रमाणे ते हिशेबातून काढा."

जमदग्नी सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. जाड भिंगांचे, पांढऱ्या मिशांचे सर सोलापूरकडच्या विद्यापीठातून यायचे, आणि बैठकीत त्यांचं पहिलं वाक्य नेहमी 'मगदूमबाईंना हे मान्य नसेल, पण' असं असायचं.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "बाई दर सोमवारी सगळा गठ्ठा चाळायच्या. आणि हे यंत्र ते वाचन धरायचं. आणि त्यावर आपण सगळे पैसे मोजत आलो."

"हो, सर."

रेश्माताई पुढे वाकल्या. "सर, गेलेल्या माणसाबद्दल—"

"थांबा हो, मुजावर मॅडम. मला बोलू द्या. माझं सगळं आयुष्य त्या बाईशी भांडण्यात गेलं." सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. पुसणं जरा लांबलं. "माझं नाव लिही, मुली. जमदग्नी, गजानन विनायक."

"कशासाठी, सर?"

"मीही चाळतो. नोकरीला लागलो तेव्हा तिच्या कार्यशाळेला गेलो होतो. ती कोंबड्यांची गोष्ट ऐकली आणि पुढे झोप लागेना. तेव्हापासून दर आठवड्याला सगळं उघडून बघतो. तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डोक्यावर बसली असती."

"पण सर, तुमच्याकडे सोमवारी दाता दिसत नाही."

"मंगळवारी बघ. सोमवारी आमच्याकडे बाजार असतो."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी खाकरलं. नांदेडकडच्या बाई म्हणाल्या, आम्ही शुक्रवारी बघतो, दोघी मिळून. त्यांच्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे मी आणि शिपाई, आळीपाळीने. कोंबड्या, ते खजील होऊन म्हणाले, आणि मग सगळी खोलीच हसायला लागली. एकेकाने नाव सांगितलं. गठ्ठा वाचणारी पाची विद्यापीठं यंत्राच्या डोळ्यांदेखत विरघळली आणि तिथे सहा-सात माणसं उरली. सगळी एकाच बाईने घडवलेली, आणि सगळी दारामागे कुणी आहे का ते बघणारी.

जावईबापू क्षणभर गप्प होते. त्यांच्यासाठी तो फार मोठा वेळ होता.

"नोंद घेतली," ते म्हणाले. "विस्तार हा घटक आता उरत नाही. संघ गठ्ठा सोडू शकतो, असा नवा अंदाज आहे. प्रत्येक विद्यापीठाने प्रत्यक्ष वाचलेल्या पत्रिका सुट्या देण्यास आम्ही तयार आहोत. दर पाठवत आहोत."

रेश्माताईंनी कागद न घेता टेबलावरच बोटाने हिशेब केला आणि चंदनाकडे बघून डोळे मोठे केले. उरणार होतं. विद्यापीठांनी आपल्या पत्रिका आपणच काढाव्यात आणि कुणालाही फुकट वाचू द्याव्यात, हे सुलोचनाबाईंचं जुनं टुमणं सुरू करण्याइतके पैसे उरणार होते.

"नागरिक वाचकांच्या दाराचा प्रश्न राहतो," यंत्र पुढे म्हणालं. "त्याची किंमत मुख्यतः एका नियमित वाचनावर काढली आहे. आम्ही त्याला दुसरं वाचन म्हणतो. सोमवारच्या वाचनातून एक लेख निवडला जातो आणि बाहेर कुणीतरी तो पूर्ण वाचतं. मगदूम मॅडमच्या निधनानंतर ते थांबलं होतं. शनिवारी एकदा पुन्हा दिसलं. या वाचकाचं नाव नोंदवल्यास दार खुलं ठेवण्यासाठी वेगळी आकारणी करण्याचं कारण उरणार नाही."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. "आता हा कोण शोधायचा?" जमदग्नी सर म्हणाले. "जिल्हाभर दवंडी पिटायची?"

चंदना उठली. टेबलाला वळसा घालून ती आईच्या खुर्चीशी गेली. पाठीला पिशवी अजून तशीच अडकवलेली होती. कुणाला काढवली नव्हती. तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"शोधायला नको," ती म्हणाली. "चंदना सुलोचना मगदूम. दुसरं वाचन माझं आहे."

"नोंद घेतली," यंत्र म्हणालं. "हे वाचन होतं, की तपासणी?"

"वाचन." तिने तो शब्द पुन्हा एकदा, स्पष्ट म्हटला. यंत्राशी बोलायचं ते बोलून झालं होतं. ती पडद्याकडे बघत नव्हती, खुर्चीकडे बघत होती.

"मी वाचते, आई. तू पाठवलेलं सगळं वाचलंय, पहिल्यापासून, शेवटपर्यंत. मुंग्या, शेळीचे डोळे, बंदरातली भांडी, सगळं. आणि काय कळलं म्हणशील, तर पूल तुझ्या आजोबांच्या काळातला नाही. त्यांच्याही आधीपासून उभा आहे. मी मोजून आले."